नाय म्हणायचा गृहपाठ

कमलाक्षी टीचर डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात गेली चोवीस वर्षं सामाजिक शास्त्र शिकवतात, आणि या चोवीस वर्षांत नागरिकशास्त्राला धड तास मिळालाय असं त्यांना आठवत नाही. इतिहासात लढाया असतात, भूगोलात नकाशे असतात, त्यामुळे त्यांचा थोडाफार रुबाब राहतो. नागरिकशास्त्राच्या वाट्याला शनिवारचा शेवटचा तास येतो, तोही गॅदरिंगची तालीम नसेल तर. परीक्षा तोंडावर आली की वर्गावर्गांतून एकच वाक्य ऐकू येतं, "ह्यां घराकडे वाचा, सोपां आसा." टीचरांनीही ते वाक्य अनेकदा म्हटलेलं आहे. त्या काही आकाशातून पडलेल्या नाहीत.

पण दोन वर्षांपूर्वी नववीचे पेपर तपासताना त्यांचं डोकं फिरलं. 'ग्रामसभेचे महत्त्व सांगा' या प्रश्नाला चौतीस मुलांनी एकच उत्तर लिहिलं होतं, शब्दाला शब्द, स्वल्पविरामासकट. कॉपी नव्हती ती. त्यांनीच फळ्यावर लिहून दिलेल्या नोट्स होत्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क देऊन टीचरांनी गठ्ठा बांधला आणि स्वतःवरच चिडून दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान योगेश वाळपईला सरकारी कचेरीत कामाला. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून ते गुपचूप बाजारातून त्यांच्या आवडीचे तिसवे, म्हणजे शिंपल्या, घेऊन आले.

दिवाळीच्या सुट्टीत टीचरांनी स्वतःचा एक पाठ रचायला घेतला. विषय ग्रामसभा. पाच तास, पाच कागद, प्रत्येक कागदावर मुलांनी करायचं एक काम. पुस्तकातली व्याख्या शेवटच्या कागदावर, तीही खाली कोपऱ्यात. हे घेऊन त्या हेडमास्तर गोकुळदास सरांकडे गेल्या, तेव्हा सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पांच तास? टीचर, पांच तासांनी मी अख्खी फ्रेंच राज्यक्रांती उरकतंय."

"फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेली, सर. आमची ग्रामसभा फुडल्या म्हयन्यात आसा."

गोकुळदास सर हसले आणि त्यांनी तास दिले. वर शाळेचं झेरॉक्स मशीन वापरायची परवानगीही दिली, जी ते कुणाच्या बापाला देत नाहीत. टीचर आजही म्हणतात की त्या दिवशी सरांनी नकारार्थी मान हलवली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि त्यांचे हे उपकार त्या विसरलेल्या नाहीत.

पहिला कागद सोपा होता, आपला प्रभाग कुठला आणि पंच कोण ते शोधून काढायचं. दुसऱ्या तासाला वर्गातच ग्रामसभा भरवायची होती. रुद्रेश नावाचा मुलगा सरपंच झाला. तो गावकऱ्यांच्या, म्हणजे गावच्या मूळ मानकऱ्यांच्या, घराण्यातला. त्याचे आजोबा देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवासमोर उभं राहून सुखदुःख मांडतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेला गाव एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतो. टीचरांचं माहेर पेडण्याचं. त्यांचे वडील नारायण हेही गाऱ्हाणं घालायचे, आणि लहानपणी सगळ्यांत मोठ्याने "व्हय महाराजा" ओरडायचा मान आपलाच, असं टीचर समजत असत.

टीचरांनी मुद्दाम एक वेडावाकडा ठराव लिहून दिला होता. त्यांचा अंदाज असा की मुलं चवताळून उठतील आणि मग वाद कसा घालावा ते शिकवता येईल. रुद्रेशने गळा साफ केला, आजोबांसारखा डावा हात कमरेवर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली.

"तर आज ह्यो वर्ग हंय जमलो आसा. सोमवारापासून आमच्या शाळेची मधली सुट्टी बंद करूची, असो ठराव आसा."

"व्हय महाराजा!" उरलेल्या तेहतीस गळ्यांतून आवाज आला. शेजारच्या वर्गातला बीजगणिताचा तास थांबला.

 आपण काय मंजूर केलं हे मागच्या बाकावरच्या गौरेशच्या पहिल्यांदा लक्षात आलं. "आरे, म्हणजे वडापाव खंय खावपाचो?" असं तो कळवळून म्हणाला आणि वर्ग हसून लोळला. टीचरही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पण हसता हसता त्यांना जाणवलं की पोरांचं काहीच चुकलेलं नाही. या मुलांनी चारचौघांत एकत्र बोलायचा जो एक प्रकार जन्मापासून पाहिला आहे, त्यात उत्तर एकच असतं. देवासमोर ते योग्यच आहे, देवाशी कोण हुज्जत घालणार? पण पंचायत म्हणजे देव नव्हे, आणि दुसऱ्या उत्तराचा सराव या गावात कुणी कुणाकडून करून घेतलेला नव्हता.

त्या हे मुलांना समजावून सांगू लागल्या, तेवढ्यात सेजलने हात वर केला. सेजल म्हणजे वर्गातली सर्वांत कमी बोलणारी मुलगी. तिचे वडील शांताराम सिंधुदुर्गातले, सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायला म्हणून आले. खाणी बंद पडल्या तरी ते इथेच राहिले आणि आता रात्रपाळीला टेम्पो चालवतात. आई सुशीला काजूच्या कारखान्यात काजू सोलते.

"टीचर," सेजल म्हणाली, "तुमी कितके पावटी गेल्यात ग्रामसभेक?"

 टीचरांना थाप मारता आली असती. 'पूर्वी जायचे' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चौतीस तोंडं त्यांच्याकडे पाहत होती, आणि फळ्यावर त्यांच्याच हस्ताक्षरात 'ग्रामसभा : प्रत्येक मतदाराचा हक्क' असं लिहिलेलं होतं.

"एकदाय नाय," त्या म्हणाल्या.

त्या याच गावात दिलेल्या, मतदारयादीत नाव इथलंच. पण ग्रामसभा रविवारी असते आणि रविवारी मासळी असते, धुणं असतं, आणि गावातल्या बायका तिकडे जात नाहीत अशी सगळ्यांनी न बोलता करून घेतलेली समजूत असते. त्यात सरपंच सुदेश हा योगेशचा सख्खा चुलतभाऊ. दिराच्या सभेत वहिनीने जाऊन काय करायचं, असं त्यांना वाटत आलं होतं. हे सगळं त्यांनी मुलांना सांगितलं. कुणी हसलं नाही. टीचर म्हणतात, चोवीस वर्षांत मुलांनी माझं इतकं लक्ष देऊन दुसरं काही ऐकलेलं नाही.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तिसरा कागद फाडून टाकला आणि नवा लिहिला. तो गृहपाठ होता, दोन मार्कांचा. प्रत्येक मुलाने घरातल्या एका मोठ्या माणसाला चार वाक्यं शिकवायची आणि तीनदा म्हणून घ्यायची : माझं नाव अमुक. माझा प्रभाग अमुक. मला हे मान्य नाही. कारण... त्यापुढे कोरी जागा. कारण ज्याचं त्याने शोधायचं.

गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणाची आई चुलीपुढून "माका ह्यां मान्य नाय" म्हणत लाजून पदरात तोंड लपवत होती. कुणाच्या बापाने कारण म्हणून 'बायको रोज दुधी करते' असं लिहून पाठवलं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रुद्रेशच्या काकाने विचारलं, टीचर मुलांना उलट बोलायला शिकवतात काय? आणि रुद्रेशच्या आजोबांनी, ज्यांनी आयुष्यभर देवासमोर गावाचं गाऱ्हाणं घातलं, त्यांनी नातवाला आधी हाकलून दिलं, मग परत बोलावून मांडीशी बसवलं आणि तीनदा म्हणून दाखवलं. दोन मार्कांचा प्रश्न होता शेवटी.

चौथा कागद म्हणजे पंचायत घराबाहेरच्या फलकावरची येत्या ग्रामसभेची नोटीस उतरवून आणायची. ती नोटीस गावात कुणी वाचत नाही. फलकापुढे स्कूटर लावायची चांगली जागा आहे, तेवढाच त्याचा उपयोग. सेजलने ती अख्खी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच टीचरांपुढे येऊन उभी राहिली. तिने विषय क्रमांक चारवर बोट ठेवलं. पंचायत घराच्या वरच्या मजल्यावरची वाचनाची खोली मंडपाचं सामान आणि खुर्च्या ठेवायला द्यावी, असा तो विषय होता.

"टीचर, ही आमची खोली."

त्या खोलीत तीन टेबलं, एक पंखा आणि दोन ट्यूबलाइट एवढंच आहे. वर्तमानपत्रं यायची ती कधीच बंद झाली. त्यामुळे तिथे आता कुणी जात नाही, असं गाव धरून चाललं होतं. पण शाळा सुटल्यावर वरच्या वाड्यावरची अकरा मुलं तिथे सातपर्यंत अभ्यास करत बसत होती. सेजल त्यातलीच. पुढल्या वर्षी तिची दहावी.

"आमी जाऊन सांगूं?" गौरेशने विचारलं.

"तुमकां मत नाय रे. अठरा वर्सां जावक जाय."

"मगे कोण सांगतलो?"

आणि सगळी मुलं टीचरांकडे बघू लागली. टीचर म्हणाल्या, "मी बघतंय." शिक्षकांचं 'बघते' म्हणजे काय असतं ते मुलांना चांगलं ठाऊक असतं. पण सेजलने त्यावर विश्वास ठेवला. तिने वही मिटली आणि जागेवर जाऊन बसली. तिचा तो विश्वास टीचरांना आठवडाभर चपलेत गेलेल्या खड्यासारखा टोचत राहिला.

संधी घरी चालून आली होती. शुक्रवारी संध्याकाळी सुदेश नेहमीप्रमाणे चहाला आला. बशीत पाव बुडवत त्याने विचारलं, "वयनी, आमच्या पोरांक नाय म्हणूक शिकयतंस काय गो? आता माका रविवारी घाम फुटतलो." तो हसत होता. वाईट माणूस नव्हेच तो, रात्री-अपरात्री कुणाला इस्पितळात न्यायचं असलं तर पहिली गाडी त्याची निघते. टीचरांच्या ओठांवर खोलीचा विषय आला आणि तिथेच बसला. त्यांनी त्याला आणखी एक पाव वाढला. सुदेश गेल्यावर योगेश म्हणाले, "बोलूंक जाय जाल्यार बोल. सुदेश रागावलो तर रागावलो. चाय प्यायल्याबगर तो दोन दिसांच्या वर रवचो नाय." नवरा म्हणून योगेशचं कौतुक करायची टीचरांना फारशी सवय नाही, पण ते वाक्य त्यांनी मनात जपून ठेवलं आहे.

रविवारी सकाळी साडेदहाला पंचायत सभागृहात त्या पहिल्यांदा पाऊल टाकत होत्या. बायका मोजून आठ-दहा होत्या, त्यातल्या बऱ्याचशा वरच्या वाड्यावरच्या. मागे भिंतीला लागून नववीची मुलं पाचवा कागद घेऊन उभी होती. सभा पाहून टिपणं काढायची, हे त्यांचं काम. माणसं पुरेशी नव्हती म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली, मग भरली. पहिले तीन विषय भराभर पार पडले. सुदेश वाचायचा, "मंजूर?" म्हणायचा, आणि खुर्च्यांतून "मंजूर" यायचं. त्या सुरात देवळातलाच ठेका होता.

"विषय क्रमांक चार," सुदेश म्हणाला. टीचरांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर सगळं लिहिलेलं होतं, मुद्द्यांसकट. सुदेशने विषय वाचला आणि वर पाहिलं. नेमकी त्याची नजर वहिनीवर पडली आणि तो ओळखीचं हसला. टीचरांना उठायचं होतं. पाय उठेनात. फळ्यापुढे बावीस वर्षं तासन्‌तास उभे राहिलेले पाय ते, पण त्या क्षणी ते कुणा दुसऱ्याचे झाले.  मागे सेजल उभी आहे हे त्यांना न वळताही कळत होतं.

"मंजूर?" सुदेशने विचारलं.

"मंजूर," खुर्च्या म्हणाल्या.

"माझां नाव सुशीला शांताराम परब."

आवाज दाराजवळून आला होता, जिथे चपला काढलेल्या होत्या. सेजलची आई खांबाला एक हात धरून उभी होती, दुसरा हात वर होता. काजूच्या चिकाने काळी पडलेली बोटं सगळ्यांना दिसत होती. ती कविता म्हणावी तसं समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती.

"माझो प्रभाग चार. माका ह्यां मान्य नाय. कारण," इथे ती थांबली. आता कागदावरची कोरी जागा आली होती.  "कारण आमचां घर एका खोलयेचां. घोव रातचो टेम्पो चलयता, दिसाचो न्हिदता. चेडवान मोठ्यान वाचला तर तो जागो जाता, नाय वाचला तर ती नापास जाता. ती वयर बसान शिकता म्हणान आमचां बरां चल्लां हा. आमच्या वाड्यावयलीं अकरा पोरां आसत. खुर्चेक बसूक दुसरी जागा गावतली. पोरांक खंय गावतली?"

कुणीतरी पुढच्या रांगेत "ही कोण?" असं पुटपुटलं. सुशीलाने ब्लाउजमधून मतदार कार्ड काढलं आणि वर धरलं. 

सुदेश गोंधळला होता. त्याने सचिव स्नेहाकडे पाहिलं. स्नेहा नवीन होती, नियमांची पक्की. "हरकत इली म्हणजे अनुमोदन जाय," ती म्हणाली. "कोण आसा?"

आणि टीचरांचे पाय आपोआप उठले. कसे ते त्यांना आजही सांगता येत नाही. "माझां नाव कमलाक्षी योगेश गावस," त्या म्हणाल्या, स्वतःच्याच कागदातली वाक्यं पहिल्यांदा स्वतःच्या तोंडून. "माझो प्रभाग दोन. माका ह्यां मान्य नाय. सुशीलान सांगलां तांच माझां कारण."

मग जे झालं ते टीचरांनी ठरवलेलं नव्हतं, कुणीच ठरवलेलं नव्हतं. रुद्रेशच्या आजोबांनी काठीसकट हात वर केला. "नातवान माझ्याकडल्यान तीन पावटी म्हणान घेतलां. एकदा तरी वापरूंक जाय मरे," ते म्हणाले. सगळे हसले आणि हसता हसता हात वर जाऊ लागले. गौरेशची आई, दुधीवाला बाप, व्हॉट्सॲपवर कुरकुरलेला काकासुद्धा. घराघरांत ज्यांनी ज्यांनी ती चार वाक्यं लाजत म्हटली होती, त्यांना ती आता तोंडात तयार सापडली. सुदेशने हात मोजले, परत मोजले आणि कागद खाली ठेवला.

"रवली खोली," तो म्हणाला. "खुर्च्यो रंगमंचाच्या खाला घालूं." मग टीचरांकडे वळून थोडं रुसल्यासारखं म्हणाला, "वयनी, चाय पितना सांगलां आसतां तर मी ह्यो विषय यादीतसून काडून टाकलो आसतो."

"चुकलां माझां," टीचर म्हणाल्या. खरंच चुकलं होतं, आणि तसं म्हणताना त्यांना हलकं वाटलं.

सभा संपल्यावर मुलांनी आधी सेजलला घेरलं आणि मग सुशीलाला. टीचर गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेल्या.  त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "सुशीला, तुमचे उपकार जाले माझ्यार. माझे पाय उठत नासले. तुमी उठलात म्हणान मी उठलंय."

सुशीला ओशाळली. "टीचर, तुमीच शिकयलात मां? मी पांच दीस काजू सोलताना म्हणत होतंय. बाजूची बाय म्हणाली, हिका भुताचां वारां लागलां."

दोघी हसल्या आणि हसताना टीचरांचे डोळे भरून आले. मुलांना नागरिक करायला निघालेल्या त्यांच्या पाठाने आपलं पहिलं माणूस काजूच्या कारखान्यातून शोधून काढलं होतं, आणि त्यांना स्वतःला मात्र धक्का देऊन उठवावं लागलं होतं. त्याची त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला उठवायला कुणीतरी होतं, याचाच आनंद इतका होता की लाजेला जागा उरली नव्हती.

तेवढ्यात स्नेहा सभेची नोंदवही घेऊन आली. पेनचं टोपण तिने दातांत धरलं होतं.

"टीचर, हरकत कोणाच्या नावान घालूं? सूचक म्हणान तुमचां नाव घालतंय. हायस्कुलाची टीचर म्हटल्यार वयर वाचतलीं तांकां बरां दिसतलां."

"नको," टीचर म्हणाल्या. "सूचक सुशीला शांताराम परब. माझां नाव खाला, अनुमोदक."

"खाला कित्याक ओ, टीचर?" सुशीलाने घाबरून विचारलं. "तुमी मोठीं."

"पयलीं तुमी उठलात म्हणान," टीचर म्हणाल्या, आणि स्नेहाने नावं त्याच क्रमाने लिहिली.